सुंद्री मागं हाय का

सयाजी चौगल्यानं कागदावर एकच शब्द लिहिला. म्हैस.

बाकीच्या बहुतेकांची पानं भरून गेली होती. कुणी उलट्या बाजूला पोचलं होतं, एका बाईंनी तर जादा कागद मागून घेतला होता. जोतिबाच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्याला एक आमराई आहे. तिथल्या पत्र्याच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी अठरा माणसं सतरंजीवर बसली होती. शिबिराचं नाव होतं ताणमुक्ती. शनिवार-रविवार योगासनं, ध्यान, सात्त्विक जेवण. शिकवायला संयोगिता मॅडम. त्यांनी सांगितलं होतं, तुमच्या मनावर ज्याचा ताण आहे त्याचं नाव लिहा, आणि वाटलं तर उभं राहून वाचा.

उभं राहायला कुणी तयार होईना. सयाजी उठला.

"म्हैस," तो म्हणाला आणि खाली बसला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मान तिरकी करून विचारलं, "म्हणजे जबाबदाऱ्यांचं ओझं, असं का?"

"न्हाय मॅडम. म्हैस म्हंजे म्हैस. चार पायांची. सुंद्री तिचं नाव."

"बरं. आता सगळ्यांनी डोळे मिटा. तुमचा ताण एका दोरीनं तुमच्या हाताला बांधलाय. मूठ हळूच उघडा. दोरी सुटू द्या. जाऊ दे त्याला, जिकडं जायचं तिकडं."

सतरा मुठी उघडल्या. अठरावी गच्च मिटलेली होती.

"सयाजीराव, सोडा."

"सोडली तर ती बाजूच्या उसात शिरंल, मॅडम. मग ऊसवाला माझ्या दारात."

आता मात्र मॅडमनाही हसू आवरलं नाही. पहिल्या सत्राचं ध्यान तिथंच संपलं.

सयाजी सत्तावन्न वर्षांचा. रंग काळा, मिशी पांढरी, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला त्यानं हाक मारली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं. त्याच्याकडं पाच म्हशी. संध्याकाळी तो त्या दूध कट्ट्यावर नेऊन उभ्या करायचा. माणसं पेला पुढं करायची आणि सयाजी त्यात थेट धार सोडायचा. वर चार बोटं फेस. कोल्हापुरात असं दूध प्यायल्याशिवाय कित्येकांची संध्याकाळ संपत नाही.

पाचातल्या चार म्हशी नुसत्या म्हशी होत्या. सुंद्री वेगळी.

सुंद्री जन्मली त्याच दिवशी तिची आई गेली. सयाजीनं तिला बाटलीनं दूध पाजलं. त्याची बायको बयाबाई तिला पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवायची. महिन्याभरात ते रेडकू सयाजीच्या मागं हिंडायला लागलं. तो पंचगंगेवर गेला की मागं. तो दाढीला गेला की न्हाव्याच्या दुकानाबाहेर उभं. पुढं तो सायकलवर, ती मागं. मग तो जुन्या मोटारसायकलवर, ती मागं. जुनी मोटारसायकल म्हणजे नुसता सांगाडा होता. दिवा नाही, आरसे नाहीत, ब्रेक लागला तर नशीब. पण तिच्या मागून सुंद्री शेपूट वर करून अशी पळायची की बघणारा जागेवर थांबायचा.

कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा थाट असतो. त्यांना नदीत धुवायचं, अंगावरचे केस भादरून नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांचा पट्टा बांधायचा. मग मालक गाडीवर पुढं, म्हैस मागं मोकळी. दावं नाही, काठी नाही. दोन्हीकडं माणसांची भिंत आणि मधून ती आपल्या माणसाच्या मागं पळते. ज्याची पळाली तो पुढं वर्षभर गल्लीतून छाती काढून चालतो.

सात पाडवे सयाजी छाती काढून चालला.

मग मागच्या वर्षी त्याच्या मुलीनं, वर्षाराणीनं, त्याला नवी मोटारसायकल घेऊन दिली. ती सहकारी बँकेत नोकरीला. बापानं मोडक्या गाडीवरून धारेची भांडी न्यावीत हे तिला बघवेना. नव्या गाडीवर पाडवा आला. सुंद्री चाळीस पावलं पळाली आणि थांबली. सयाजीनं मागं वळून हाक मारली. ती उभी. त्यानं मोठ्यानं हाक मारली. ती उभीच. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि भर रस्त्यात, दीड हजार माणसांसमोर, सावकाश शेण टाकलं.

कुणीतरी व्हिडिओ काढला. तो नेसरीपर्यंत गेला. नेसरीहून बयाबाईच्या भावाचा फोन आला, "दाजी, म्हशीला जुलाब लागल्यात काय?"

यंदा त्यानं गणपती झाल्यावर लगेच सराव सुरू केला. सुंद्री थांबायची. त्याला वाटलं, नव्या गाडीचा आवाज तिला ऐकू येत नाही. त्यानं सायलेन्सर काढून टाकला. ती आणखी लवकर थांबायला लागली. मग तो स्वतःच ओरडायला लागला. घसा बसला. एका दुपारी त्याला चक्कर आली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला आणि आकडा बघून पुन्हा फुगवला.

"कसला ताण आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हैस हाय," सयाजी म्हणाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली.

आणि मग दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर ती गोष्ट घडली. कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "सयाजीराव, यंदा पाडव्याला सुंद्रीला रिक्षात घालून आणा." सगळे हसले. सयाजीचं डोकं फिरलं. "यंदा मागं आली न्हाय," तो गरजला, "तर दुसऱ्या दिवशी विकून टाकतो. चौगल्याचा शब्द हाय."

शिरोळचा एक पावणा दूध पीत होता. त्यानं मिशीचा फेस पुसला. नदीकाठच्या मळीच्या रानाचा, चार ट्रॅक्टरचा माणूस. सुंद्रीवर त्याचा दोन वर्षं डोळा होता.

"पाडव्याला येतो मग," तो शांतपणे म्हणाला. "नवं दावं घेऊनच येतो."

जनावर विकताना विकणारा आपलं दावं देत नाही. ते घरीच राहतं. घेणाऱ्यानं स्वतःचं आणायचं. त्यामुळं दावं घेऊन येतो म्हणणं म्हणजे व्यवहार ठरला. सयाजीला त्याच क्षणी आपली जीभ चावावीशी वाटली. पण शब्द गेला होता, तोही कट्ट्यावर, पंचवीस माणसांत.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. शेवटी वर्षाराणीनं शिबिराचा फॉर्म भरला.

"पप्पा, दोनच दिवस. मोबाईल बंद, डोकं बंद."

"आणि धारा?"

"जावा की तुमी," बयाबाई म्हणाली. "धारा मी काढती. तुमच्या बोंबलण्यानं म्हशीबी आटाय लागल्यात."

असा तो आमराईत आला होता. पाडव्याला दहा दिवस होते.

खोलीत त्याच्या जोडीला जिनेश होता. इचलकरंजीचा, चोवीस वर्षांचा, मराठीत एम.ए. केलेला. घरचे चोवीस यंत्रमाग. लहानपणापासून खटखटीत वाढल्यामुळं शांततेत त्याला झोप यायची नाही. सकाळच्या कागदावर त्यानं काहीच लिहिलं नव्हतं.

"तुला ताण न्हाय व्हय?" सयाजीनं विचारलं.

"आहे की, मामा. पण एवढ्याशा कागदावर बसेना."

"एम्ये करून एवढंबी जमना? मी एका शब्दात बसिवला की."

जिनेश मोठ्यानं हसला. गेल्या दोन महिन्यांत आपण असे हसलो नाही, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं.

दुपारच्या सत्रात मॅडमनी श्वास शिकवला. पाठ ताठ, डोळे मिटलेले. श्वास आत येतो, बघा. बाहेर जातो, बघा. ओढू नका, ढकलू नका. माणसं नाकानं जोरजोरात श्वास ओढायला लागली. हॉलमध्ये भात्यासारखा आवाज भरला. मॅडम रांगेतून फिरत सयाजीजवळ आल्या आणि थांबल्या. त्याचा श्वास चालला आहे की नाही तेच कळेना, इतका तो सावकाश होता. पोट तेवढं हळूच वर-खाली होत होतं.

"सयाजीराव, हे कुठं शिकलात?"

सयाजीनं डोळे उघडले. "म्हशीच्या कासंखाली."

"म्हणजे?"

"सड वढून दूध येत न्हाय, मॅडम. ती सोडंल तवा येतं. आपण नुसतं बसायचं आणि हात चालवायचा. घाई केली की ती वर चोरून धरती."

मॅडमनी वही उघडून ते लिहून घेतलं. पुढचा अर्धा तास त्यांनी त्याला सगळ्यांच्या पुढं, उदाहरण म्हणून बसवला. तो तेवढाच वेळ सुंद्रीला विसरला.

जेवण सहाच्या आत. जिनेश जैन घरातला, सूर्यास्ताआधी जेवायची त्याला सवयच होती. सयाजीला मात्र उजेडात रात्रीचं जेवण म्हणजे आजारी पडल्यासारखं वाटलं. त्यात ताटात मुगाची मऊ खिचडी, उकडलेला भोपळा आणि ताक. तिखटाचा पत्ता नाही. त्यानं दोन घास खाल्ले. मग इकडंतिकडं बघून पैरणीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. घरची कांदा-लसूण चटणी.

"घे, गड्या."

"मला लसूण चालत नाही, मामा."

"व्हय की. इसारलो. मग माझ्याकडं बघू नगंस, पाप लागंल."

तो भिंतीकडं तोंड करून जेवायला लागला. तेवढ्यात मागं पावलं थांबली. सयाजीनं पुडी मुठीत दाबली.

"सयाजीराव," मॅडम म्हणाल्या, "मूठ उघडा."

सकाळी जी उघडली नव्हती ती आता उघडावी लागली. लाल पुडी तळहातावर आली. मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. त्या शिकल्या पुण्यात असल्या तरी जन्म कोल्हापूरच्याच शिवाजी पेठेतला. त्यांनी स्वयंपाकघराकडं एक नजर टाकली, चिमूटभर चटणी उचलली, हातातल्या ताटात आपल्या खिचडीवर भुरभुरवली आणि निघून गेल्या.

सातला घंटा झाली. आता रविवारी बारापर्यंत मौन. बोलायचं नाही, खुणाही शक्यतो नाहीत.

सयाजीनं आयुष्यात इतका वेळ तोंड मिटलेलं नव्हतं. बयाबाईचं म्हणणं होतं की तो झोपेतही म्हशींना शिव्या देतो. पण दिवसभराच्या आसनांनी त्याचं अंग मोडून आलं होतं. पडल्या पडल्या त्याला झोप लागली आणि तो घोरायला लागला. घर्र-खट, घर्र-खट, एका लयीत. जिनेशनं थोडा वेळ ते ऐकलं. अगदी मागाचा आवाज. दोन मिनिटांत तोही गाढ झोपला.

पहाटे चालण्याचं ध्यान होतं. आदल्या दिवशीच मॅडमनी नियम सांगितले होते. अनवाणी, गवतावरून, एकामागं एक. नजर दोन पावलं पुढं. पुढच्याशी शर्यत नाही. मागं वळून बघायचं नाही, मागं कोण आहे याच्याशी आपला संबंध नाही.

सयाजीचे गुडघे दुखत होते म्हणून तो सगळ्यात शेवटी राहिला. आंब्यांच्या बुंध्यांमधून रांग सरकायला लागली. दवानं पाय गार पडले. एक वळण झालं, दुसरं झालं. आणि मग त्याला मागं श्वास ऐकू आला.

जड, लांब, ओलसर श्वास. त्याला वाटलं, शिबिराला आलेले गडहिंग्लजचे एक जाडजूड सर मागं पडले असावेत. मग त्याच्या ध्यानात आलं की ते सर त्याच्या पुढं चालले आहेत. शेवटचा तो स्वतःच होता.

नियम मोडून त्यानं मागं बघितलं.

म्हैस होती. शिबिराचा स्वयंपाक करणाऱ्या धोंडुबाईंची, बाजूच्या पडीक रानात चरायला सोडलेली. तो वळला तशी ती थांबली. मान खाली घातली, एक पाऊल मागं सरली.

तो पुन्हा चालायला लागला. थोड्या वेळानं श्वास पुन्हा पाठीशी आला. तो वळला. ती थांबली.

तिसऱ्यांदा त्यानं वळायचं नाही असं ठरवलं. तो चालत राहिला. आमराईची अख्खी फेरी झाली. श्वास मागंच होता, कधी हातभर लांब, कधी पाठीला ऊब लागेल इतका जवळ. स्वयंपाकघराच्या दारात धोंडुबाई हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या. अठरा माणसं गप्प चाललेली आणि एकोणिसावी त्यांची म्हैस. त्यांनी उलथनं खाली केलं आणि पदर तोंडाला लावला.

सयाजी मात्र मध्येच थबकला. त्याच्या डोक्यात काहीतरी खणकन वाजलं.

जुन्या गाडीला आरसे नव्हते. नव्या गाडीला दोन आहेत.

सात वर्षं तो पुढं बघून गाडी हाणत होता. मागं सुंद्री आहेच हे त्याला ठाऊक होतं, म्हणून बघायची गरज नव्हती. नव्या गाडीवर बसल्यापासून त्याची नजर आरशात जायची. आरशात सुंद्री लांब दिसायची. लांब दिसली की तो गाडी हळू करायचा, वळून हाक मारायचा. तो वळला की ती थांबायची. कुठलंही जनावर थांबणारच. तिला वाटायचं, मालक थांबला, म्हणजे आपणही थांबायचं. वर तो तिच्यावर ओरडायचा.

वर्षभर ती त्याचंच ऐकत होती.

हे कळलं तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. मौन संपायला साडेपाच तास होते.

ते साडेपाच तास सयाजीनं कसे काढले ते त्यालाच माहीत. आसनं करताना त्याचे ओठ हलत होते. नाश्त्याला त्यानं जिनेशला खुणा केल्या. दोन्ही पंजे कानांजवळ धरले, म्हणजे आरसे. मग मान मागं वळवली. मग दोन बोटांची शिंगं केली. जिनेशनं खूप विचार केला आणि त्याला संडासाची वाट दाखवली.

बाराला घंटा झाली.

"आरसा," सयाजी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मॅडम, आरशानं घात केला."

त्यानं सगळं सांगितलं. बाकीची सतरा माणसं गोल करून ऐकत होती. कर्जाचा, साहेबाचा, सासूचा ताण लिहिणारी माणसं आता एका म्हशीची गोष्ट श्वास धरून ऐकत होती.

"म्हणजे तुमचा ताण गेला," मॅडम म्हणाल्या.

"न्हाय, मॅडम. ताण हाय तिथंच हाय. पाडवाबी हाय, पावणाबी हाय. पर तिचा दोष न्हाय, एवढं कळलं." तो जरा थांबला. "लई शिव्या दिल्या वो मी तिला."

इचलकरंजीची गाडी धरायच्या आधी जिनेश त्याच्याबरोबर घरी आला. सुंद्री गोठ्याच्या दारातच बांधलेली होती. लांब शिंगं पाठीपर्यंत गेलेली. सयाजीला बघून तिनं कान हलवले. सयाजी तिच्याकडं न जाता आधी गाडीकडं गेला. पाना घेऊन तो आरशाखाली बसला, तेव्हा जिनेश काचेवर वाकून बघत होता.

"मामा, हे काय लिहिलंय बघितलंत का कधी?"

"रोज पुसतो की. इंग्रजी हाय. मला काय कळतंय त्यातलं."

"आरशात दिसतं त्यापेक्षा मागची वस्तू जवळ असते, असं लिहिलंय."

सयाजीच्या हातातला पाना तसाच राहिला.

"म्हंजे ती जवळच हुती," तो म्हणाला.

"जवळच होती."

सयाजी उठला, सुंद्रीजवळ गेला आणि तिच्या कपाळावर तळहात ठेवून उभा राहिला. जिनेशनं मग स्वतःच पाना घेतला आणि दोन्ही आरसे काढले.

आरसे निघाले, पण मान निघेना. वर्षभराची खोड ती. सोमवारी सरावाला गल्लीतल्या तालमीपर्यंत सुंद्री नीट आली. तालीम मागं पडली आणि सयाजीची मान आपसूक वळली. ती थांबली. मंगळवारी तेच. बुधवारी बयाबाईनं त्याच्या मानेला मफलर आवळून बांधला. तो अख्ख्या अंगानं वळला.

"सुंद्री शानी हाय," बयाबाई म्हणाली. "दावं तुमाला बांधाय पायजे."

त्यानं सायलेन्सर परत बसवून घेतला. ओरडणं बंद केलं. रोज सकाळी गोठ्यात पोत्यावर बसून तो श्वास बघायचा. पाठीमागं सुंद्री रवंथ करत उभी. तिचाही श्वास चालू. शेजारची झुंबरबाई एकदा ताक मागायला आली आणि तशीच परत फिरली. गल्लीभर सांगत सुटली की सयाजीला म्हशीनं दीक्षा दिली.

डॉक्टरांच्या पट्ट्यातला आकडा खाली आला. पण तालमीच्या पुढं मान वळायची ती वळायचीच. पाडव्याच्या आदल्या दिवशीही वळली. आणि पाडव्याला तालमीच्या पुढं चौकापर्यंत आणखी दीडशे पावलं पळायचं होतं.

पाडवा उजाडला. सुंद्रीची शिंगं केशरी झाली. एका शिंगाला मोरपीस, गळ्यात कवड्या, पोटावर भादरून काढलेलं तिचं स्वतःचं नाव. सयाजीनं धुतलेला सदरा आणि फेटा घातला. रस्त्याच्या दोन्हीकडं माणसंच माणसं. हलगी कडकडत होती. शिबिरातले आठ जण आले होते. मॅडम नऊवारीत होत्या आणि जिनेशच्या हातात मोबाईल होता, पण त्यानं तो खिशात ठेवून दिला. त्यांच्या पलीकडं, खांद्यावर नवं कोरं दावं टाकून, शिरोळचा पावणा उभा होता.

आधी दुसऱ्यांच्या चार म्हशी पळाल्या. मग सयाजीचं नाव पुकारलं.

त्यानं सुंद्रीचं दावं सोडलं आणि बयाबाईच्या हातात दिलं. गाडी सुरू केली. एकदाच, हळू आवाजात, लहानपणी बाटली दाखवताना म्हणायचा तसं म्हणाला, "चल, बाय." आणि निघाला.

माणसं ओरडायला लागली. पण मागच्या वर्षीही ओरडली होती. हे हसणं आहे की शाबासकी, ते कळायला मार्ग नव्हता. हलगीच्या आवाजात खुरांचा आवाज बुडून गेला होता. त्यानं नजर दोन पावलं पुढं ठेवली. श्वास आत. श्वास बाहेर.

तालीम आली.

मान वळायला लागली. ती कशी वळते हे त्याला आता नीट ठाऊक होतं. आधी डावा खांदा ढिला पडतो, मग हनुवटी सरकते. त्यानं ते नुसतं बघितलं. ओढलं नाही, ढकललं नाही. मागं असंल तर असंल. नसंल तर वळून ती येणार न्हाय. हनुवटी परत जागेवर आली.

तालीम मागं गेली. पानपट्टी गेली. न्हाव्याचं दुकान गेलं. दुकानाच्या दारात वस्तरा हातात घेऊन न्हावी उभा होता, तोंड उघडं टाकून. तो कुणाकडं बघत होता, सयाजीकडं की सयाजीच्या मागं, हेही त्यानं बघितलं नाही.

चौक आला. सयाजीनं गाडी थांबवली, बंद केली, पाय टेकले आणि समोर बघत बसून राहिला. हलगी थांबली होती. त्याला आपल्या छातीतली धडधड ऐकू येत होती, दुसरं काही नाही.

मग पाठीवर, धुतलेल्या सदऱ्यावर, काहीतरी गार आणि ओलं टेकलं. एक जड, लांब श्वास त्याच्या मानेवरून पुढं आला.

सयाजी तरीही हलला नाही. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात उचलायचा धीर होत नव्हता.

बयाबाई गर्दीतून धापा टाकत येऊन पोचली. तिच्या हातात अजून सुंद्रीचं दावं होतं.

"आवं, आता बघा की मागं," ती म्हणाली. "नवरदेवागत बसलाय."

त्यानं वळून बघितलं. सुंद्री होती. तिच्या मागं, माणसांना बाजूला सारत, शिरोळचा पावणा येत होता. त्यानं खांद्यावरचं नवं दावं काढलं, हातात तोललं आणि सयाजीच्या गाडीच्या हँडलला, जिथं पूर्वी आरसा होता तिथं, अडकवलं.

"माझ्या मागं ही एक पाऊल यायची न्हाय, सयाजीराव," तो म्हणाला. "ह्ये दावं पुढच्या वर्साला ऱ्हाऊ द्या तुमालाच."

"संध्याकाळी कट्ट्यावर या," सयाजी म्हणाला. "तिचंच दूध पाजतो."

जिनेशला काहीतरी बोलायचं होतं. पाच वर्षं त्यानं शब्द शिकण्यात घालवली होती. त्यानं पुढं होऊन सुंद्रीच्या कपाळावर तळहात ठेवला.

सुंद्रीनं सगळ्यांकडं एकवार बघितलं, शेपूट उचललं आणि भर चौकात सावकाश शेण टाकलं. या वेळी गल्लीनं टाळ्या वाजवल्या.